आश्लेषेची चार मिनिटं

“चार मिनिटांत एक भाकरी होते, नाना; त्याहून जास्त काही होत नाही,” असं अंबिका एकदा म्हणाली होती.

ती स्वयंपाकघरातून बोलली होती. बाहेर ओसरीवर तिचे वडील, भिंगार छावणीच्या कचेरीतले हेडक्लार्क विष्णुपंत निसळ, आणि कर्जतच्या शाळेतला एक तरुण मास्तर समोरासमोर बसले होते. मास्तराचं नाव शामकांत. महिन्यापूर्वी तो अंबिकेला पाहून गेला होता आणि मुलगी पसंत असल्याचं त्यानं आपण होऊन कळवलं होतं. मग पत्रिका कर्जतला गेली आणि शामकांतच्या आईनं ती दोन दिवसांत परत पाठवली. मुलीचं नक्षत्र आश्लेषा. आश्लेषेची सून सासूच्या जिवावर येते, हे कर्जतच्या त्या विधवा बाईला कुणी नव्यानं सांगायला नको होतं.

तेव्हा शामकांत एकटाच सर्व्हिस मोटारीत बसून भिंगारला आला. १९४० साल, वैशाखाचं ऊन. पाणीसुद्धा न पिता त्यानं विषय काढला.

“पंत, पंचांगात मी पाहिलं. त्या पहाटे आश्लेषा चार अठ्ठावन्नला संपते. तुम्ही जन्मवेळ चार चोपन्न लिहिली आहे. चारच मिनिटं. दुसरी पत्रिका करून द्या. आईला सांगतो, पहिली नक्कल चुकली होती.”

विष्णुपंतांनी डावा हात पुढे केला. मनगटावर सोन्याचं घड्याळ होतं, पांढऱ्या तबकडीचं. तासाचे आणि मिनिटाचे काटे निळे होते, आणि खाली सेकंदाच्या काट्यासाठी वाटाण्याएवढं वेगळं वर्तुळ होतं.

“हे पाहिलंत? यावर पाहून भिंगारातल्या दोनशे पोरांच्या जन्मवेळा मी लिहिल्या. एकाचं मिनिट इकडचं तिकडे केलं नाही. आता पोटच्या पोरीचं करू?”

“पोटच्या पोरीचंच करा, एवढंच म्हणायला आलोय.”

“खोट्या वेळेवर संसार उभा राहत नाही, मास्तर.”

त्याच क्षणी आतून अंबिकेचं ते वाक्य आलं. आवाज चढलेला नव्हता. पिठाच्या हातानंच ती बोलली असावी, कारण पाठोपाठ भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. दारात तिची आई उभी होती. ती म्हणाली, “अहो, मी काय म्हणते, ते टोल...”

“तू आत जा,” विष्णुपंत म्हणाले.

शामकांत गेला. श्रावणात त्याचं लग्न पाथर्डीकडच्या एका मुलीशी झालं. पुढच्या उन्हाळ्यात त्याची आई विषमज्वरानं गेली. ही बातमी भिंगारात आली तेव्हा अंबिका अंगणात तांदूळ निवडत होती. तिनं ऐकलं, आणि सूप झटकून पुढचे तांदूळ घेतले.

त्या घड्याळाबद्दल सांगितल्याशिवाय विष्णुपंतांबद्दल काही सांगता येत नाही, आणि विष्णुपंतांना वगळून अंबिकेबद्दलही.

पहिलं महायुद्ध संपल्यावर होलोवे नावाचा एक कॅप्टन बसऱ्याहून भिंगारला आला. त्याचे सगळे कागद विष्णुपंतांनी सांभाळले. विलायतेला कायमचा जाताना त्यानं स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ सोडून या पंचवीस वर्षांच्या कारकुनाच्या मनगटावर बांधलं. तोवर भिंगारच्या बामणआळीत मनगटी घड्याळ कुणी जवळून पाहिलं नव्हतं. स्वित्झर्लंडच्या एका जुन्या कारखान्याचं घड्याळ, आत कारखान्याचा शिक्का आणि नंबर. कॅप्टननं सांगितलं होतं की, अशी घड्याळं तिथले लोक नातवाला ठेवून जातात.

लवकरच एक रीत पडून गेली. कुणाच्या घरी बाई अडली की सुइणीपाठोपाठ विष्णुपंतांना बोलावणं जायचं. ते ओसरीवर घोंगडीवर बसायचे, आत सुईण चांगुणा. मूल बाहेर आलं की चांगुणा काशाच्या ताटावर पळी मारायची. ताट वाजलं की विष्णुपंत तबकडीकडे पाहायचे आणि वहीत वेळ लिहायचे, तास, मिनिट, सेकंद. सेकंद लिहिताना त्यांचा चेहरा उजळायचा. पुढचं काम जोशीबुवांचं. बामणआळीतली पोरं, बाजारपेठेतल्या वाण्यांची, मळेवाल्यांचीसुद्धा. त्यांच्या कुंडल्या त्या वहीवरून मांडल्या जायच्या.

कचेरीत मोठं भिंतीचं घड्याळ होतं आणि त्याच्यावरून पहाऱ्यावरचा शिपाई तासातासाला टोल द्यायचा. भिंगारभर ते टोल ऐकू जायचे. आणि एक गोष्ट रोज घडायची. विष्णुपंतांच्या मनगटावर सहाला पाच मिनिटं कमी असताना पहाऱ्यावर सहा टोल पडायचे. कधी सात मिनिटं, कधी चार.

“शिपायाला चहाची घाई,” विष्णुपंत म्हणायचे.

“पंत, तुमचंच मागं असंल,” बाजारात कुणी बोललंच, तर ते सेकंदाचा काटा दाखवायचे. तो कसा ठेका धरून धावतो, कधी अडखळतो का, बघा. कचेरीत गेल्यावर मात्र ते भिंतीच्या घड्याळाशी आपलं घड्याळ मिळवून घेत. नोकरी त्या घड्याळावर होती. पण काटा पुढे सारताना, आपण सरकारी चुकीला मान देतो आहोत, असं त्यांना रोज वाटे.

एकवीस साली चैत्रातल्या एका पहाटे ते स्वतःच्या घराच्या ओसरीवर बसले होते. ताट वाजलं. घड्याळात चार वाजून चोपन्न मिनिटं आणि बावीस सेकंद. पहिलीच मुलगी. बाराव्या दिवशी जोशीबुवांनी आश्लेषा नक्षत्र सांगितलं तेव्हा बाळंतिणीच्या खोलीतून बायको म्हणाली, “पण पाचाचे टोल आधी पडले हो. मी मोजले. मोजत होते म्हणून तर जीव राहिला. पाच मोजून झाले आणि मग ती आली.”

“बाळंतपणात बाईला काय काय ऐकू येतं,” विष्णुपंत हसून जोशीबुवांना म्हणाले. जोशीबुवाही हसले.

चाळीस सालच्या त्या दुपारी दारात उभी राहून ती जे सांगू पाहत होती, ते हेच. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. त्रेचाळीसच्या थंडीत ती गेली.

शामकांतनंतर आणखी दोन स्थळं आली आणि पत्रिकेवरूनच परत गेली. ज्यांना आई नाही अशी स्थळं शोधावी लागत, आणि आई नसलेल्या मुलाला पोरका म्हणून विष्णुपंतांचीच बहीण नाक मुरडायची. अंबिका छावणीतल्या मुलींच्या शाळेत शिकवू लागली. सडपातळ, उंच, केस घट्ट बांधलेले. चालताना ती कधी वळून पाहायची नाही; मागून हाक मारली तर थांबायची आणि हाक मारणारा पुढे येईपर्यंत उभी राहायची. शाळेतल्या मुली तिला भीत, पण आजारी पडल्या की तिचंच नाव घेत. घरी ती वडिलांशी हवं-नको तेवढं बोलायची. आमटीत मीठ बरं आहे का. धोब्याकडे सदरे किती गेले. विष्णुपंतांना हे बोलणं विहिरीत सोडलेल्या रिकाम्या पोहऱ्यासारखं वाटे. दोर सरत राही आणि पाण्याचा आवाज काही येत नसे.

सेहेचाळीस साली पावसाळ्याच्या तोंडावर घड्याळ बंद पडलं. त्याच महिन्यात विष्णुपंत पेन्शनीत निघाले होते. अंबिका आणि ते नगरला बन्सी घड्याळवाल्याकडे गेले. बन्सीनं भिंग डोळ्यात अडकवलं, मागचं झाकण उघडलं आणि तोंडानं चक् केलं.

“पंत, तेल गोंद झालंय समदं. येवढ्या वर्सांत उघडलं न्हाई कुनी?”

“बिघडलंच नाही तर उघडायचं कशाला?”

“देवाला बी आंघूळ घालत्यात, पंत. आनि ह्यो मिनिटाचा काटा बघा, ज्या नळीवर बसतो ती सैल लागती मला. मागं राहत आसंल हे.”

“बन्सी,” विष्णुपंतांनी हात पुढे केला, “दे इकडे.”

“आवो, मी काय खोटं...”

“दे.”

रस्त्यावर आल्यावर अंबिका म्हणाली, “ज्यांनी केलं त्यांच्याकडेच पाठवू या.”

“स्वित्झर्लंडला?”

“मुंबईत त्यांचा एजंट आहे. मी शाळेच्या पत्त्यावरून पत्र लिहिलं होतं, उत्तर आलंय. लढाई संपली, पार्सलं जातात आता. तुम्ही पेन्शनीत निघालात. माझ्याकडून समजा.”

ती हे वडिलांकडे न पाहता बोलली. टांगेवाल्याला हात करत बोलली. पण विष्णुपंतांना पुढचे कित्येक दिवस ते पुरलं. लेकीनं आपल्या पगारातून आपलं घड्याळ त्याच्या घरी पाठवावं, याचा अर्थ त्यांनी आपल्या सोयीचा लावला. तिनं सोडून दिलं आहे सगळं, असं त्यांना वाटलं.

जवळजवळ दीड वर्ष घड्याळ नव्हतं. मनगटावर एक पांढुरका पट्टा उरला होता, तोही हळूहळू बाकीच्या कातडीसारखा झाला. बाळंतपणाला कुणी बोलवेनासं झालं. लोक आता दवाखान्यात जात, तिथं नर्स वेळ लिही. गोरे साहेब गेले, कचेरीवर दुसरं निशाण चढलं. पहाऱ्यावरचे टोल तेवढे तसेच पडत राहिले, आणि त्यांच्याशी ताडून पाहायला काही नसल्यामुळे विष्णुपंतांना ते पहिल्यांदाच नीट ऐकू येऊ लागले.

सत्तेचाळीसच्या नोव्हेंबरात पार्सल आलं. अंबिका शाळेत होती. लाकडाच्या भुशात बसवलेली डबी, डबीत घड्याळ, आणि सोबत कारखान्याचं टाइप केलेलं इंग्रजी पत्र, तीन पानी. विष्णुपंतांनी आधी घड्याळ कानाशी धरलं. मग चष्मा पुसून पत्र वाचायला बसले. साहेबी कागद वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता. कुठलं वाक्य निव्वळ शिष्टाचाराचं आणि कुठल्या वाक्यात माणूस अडकतो, ते त्यांना पहिल्या वाचनात कळे.

पहिलं पान शिष्टाचाराचं होतं. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की, झाकणाच्या आतल्या बाजूला दुरुस्ती करणाऱ्यानं बारीक कोरलेली खूण सापडली: बसरा, नोव्हेंबर १९१७. त्या दुरुस्तीत मिनिटकाटा ज्या नळीवर बसतो ती नळी बदलली गेली होती. बसवलेली नळी या कारखान्याची नव्हती आणि ती सैल होती. त्यामुळे यंत्र बरोबर चालत असतानाही मिनिटकाटा घसरत असे आणि एका दिवसात तीन ते दहा मिनिटं मागे पडत असे. सेकंदाचा काटा वेगळ्या चाकावर असल्यामुळे तो बिनचूक धावे, आणि म्हणून हा दोष मालकाच्या लक्षात आला नसावा. आता मूळ नळी बसवली आहे. गैरसोयीबद्दल, दोष आमचा नसला तरी, आम्हांस खेद वाटतो.

विष्णुपंतांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. एकोणीसशे सतरा. घड्याळ त्यांच्या मनगटावर आलं ते एकोणीस साली. म्हणजे एक दिवससुद्धा नाही. त्यांच्या हातावर ते एक दिवससुद्धा खरं चाललं नव्हतं.

त्यांनी वही काढली नाही. वही काढायची गरज नव्हती. चार चोपन्न बावीस त्यांना पाठ होतं. त्यांनी टोपी घातली आणि ते वेशीबाहेर चांगुणाकडे गेले.

चांगुणा आता साठीच्या पुढे होती. डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला. ती दारात शेंगा फोडत बसली होती.

“कोन हाय?”

“मी. निसळ.”

“पंत? आता कोन बाळंत व्हतंय तुमच्या घरी?” ती हसली. “बसा.”

ते बसले नाहीत. “चांगुणा, माझी अंबिका झाली ती पहाट आठवते?”

“न आठवाया काय झालं. पायाळू हुती. दोन तास झुंजले मी.”

“टोल पडले होते का? ती यायच्या आधी?”

चांगुणाचे हात थांबले. तिनं त्यांच्या दिशेनं मान वळवली. “पाच पडलं. तुमची बाई मोजीत हुती, माझा हात धरून. एक, दोन, तीन... पाच म्हनाली आन् पोर आली. मंग म्या ताट वाजिवलं.”

“तू बोलली का नाहीस तेव्हा?”

“म्या?” ती आता मोठ्यानं हसली आणि हसताहसता तिला खोकला आला. “आवो, तुमी घरच्या बाईचं ऐकलं न्हाई, सुइनीचं ऐकनार व्हतात? तुमच्या हातात सोनं, माझ्या हातात रगत. येकदा न्हाई, चार-पाचदा झालं आसं. टोल आधी, ताट मागून. आन् तुमी लिवायचे टोलाच्या आधीची येळ. मला वाटायचं, शिकल्याली मानसं, त्येंची येळ येगळी आसंल.”

विष्णुपंत उभेच होते.

“आज का इचारताय? पोरीला सांगायला?” चांगुणानं विचारलं. “का सोताला?”

ते निघाले. परतीच्या रस्त्यावर ओळखीची चारदोन माणसं भेटली. एकाचा जन्म त्यांनी तेवीस साली लिहिला होता. त्याची ठरत आलेली दोन लग्नं पत्रिकेपायी मोडली होती. दुसऱ्याला मंगळ निघाला होता. त्यांनी रामराम केला, विष्णुपंतांनी मान हलवली. एवढ्या माणसांना कुठल्या तोंडानं सांगणार? आणि सांगून त्यांचं काय परत येणार? त्या सगळ्यांचं ओझं त्यांना पेलवलं नाही म्हणून त्यांनी ते रस्त्यातच सोडून दिलं. घरी एकच माणूस होतं. त्या एकाला सांगायचं. तिनं रागावून काही बोलावं, शिव्या द्याव्या, रडावं; पण एक शब्द खराखुरा बोलावा. त्यानंतर मरण आलं तरी चालेल, असं त्यांना वाटलं.

दोन दिवस ते बोलले नाहीत. त्या दोन दिवसांत त्यांनी जुनं पंचांग शोधलं आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात नवी पत्रिका लिहिली. जन्मवेळ पाच वाजून एक मिनिट. नक्षत्र मघा. सेकंदांच्या जागी त्यांनी काही लिहिलं नाही.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी अंबिकेला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. त्यांनी पत्राचं दुसरं पान तिच्या हातात दिलं. ती वाचू लागली. तिला इंग्रजी सावकाश वाचता येई. वाचताना तिचे ओठ किंचित हलत होते आणि एका ओळीपाशी ते थांबले.

“मी चांगुणाकडे गेलो होतो,” विष्णुपंत म्हणाले. “पाच टोल आधी पडले होते. तू मघावर जन्मलीस, अंबिके. आश्लेषा तुझी नव्हतीच.”

तिनं पान खाली केलं. “आई काय म्हणाली होती?”

“हेच.”

“कधी?”

“बारशाच्या दिवशी.”

“आणि कर्जतचे आले होते तेव्हा? इथं दारात उभी होती ती. ‘टोल’ म्हणाली. मी आत होते, मला ऐकू आलं होतं. पुढं काय ते तुम्ही बोलू दिलं नाहीत. नंतर मी तिला विचारलं, तर म्हणाली, जाऊ दे, त्यांना ठाऊक.” ती थांबली. “तुम्हाला ठाऊक होतं, नाना?”

“ऐकलं होतं. ठाऊक नव्हतं.”

बाहेर कुणाची तरी शेळी कुंपणात अडकून ओरडत होती. अंबिकेनं तिकडे पाहिलं नाही. विष्णुपंतांना आता थांबता येईना. शांतता वाढली तर आपण तिच्यात बुडू, अशा घाईनं ते बोलू लागले. नवी पत्रिका त्यांनी पुढे केली.

“ही बघ. मी स्वतः केली आहे. मिरजगावचे एक आहेत, राधाकृष्णपंत म्हणून. तालुका कचेरीत. बायको गेल्याला दोन वर्षं झाली, दोन मुलं आहेत. वय फार नाही. आई आहे घरात, म्हणून मी आजवर बोललो नव्हतो. आता त्यांच्या आईलासुद्धा दाखवता येईल. आता कुणाची हरकत राहणार नाही.”

अंबिकेनं पत्रिका घेतली. वरपासून खालपर्यंत वाचली. शाळेत मुलींचं शुद्धलेखन तपासताना वाचायची तशी. विष्णुपंत तिच्या चेहऱ्यात काही शोधत होते. सव्वीस वर्षांच्या त्या चेहऱ्यावर कपाळाच्या मधोमध एक बारीक उभी रेघ पडली होती. ती कधी पडली, त्यांना सांगता आलं नसतं.

“बोल काहीतरी,” ते म्हणाले. “वाटेल ते बोल.”

तिनं पत्रिकेची दुमडलेली कड बोटानं सरळ केली.

“अगं, मी काही खोटं लिहिलं नव्हतं. दिसलं तेच लिहिलं. चूक घड्याळाची होती.”

हे वाक्य तोंडातून गेलं आणि ते परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना लगेच वाटलं. अंबिकेनं पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, त्यांनी रागाची वाट पाहिली होती. मोटारीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाकडे आपण पाहतो, आणि तो कुठल्या गावचा असेल याचा क्षणभर विचार करून सोडून देतो, तसं ते पाहणं होतं.

तिनं पत्राचं पान घडीवर घडी घालून वडिलांच्या गुडघ्याशी ठेवलं. पत्रिका त्याच्यावर ठेवली. ती वाऱ्यानं उडू नये म्हणून जवळचा अडकित्ता उचलून तिच्यावर ठेवला. मग खुंटीवरची शाल काढून खांद्यावर घेतली, उंबऱ्याबाहेरच्या वहाणा पायांत सरकवल्या, आणि एक शब्दही न बोलता ती बाहेर पडली.